आईच्या लिम्फोमासाठी पेट-सीटी करावा की साधा सीटी? मुंबईतील अनुभवी सभासदांचा सल्ला हवा आहे

सायंतारा
आम्ही डोंबिवलीला राहतो. माझ्या आईच्या (वय ६१) मानेतील गाठीच्या बायोप्सीचा अहवाल मागच्या गुरुवारी आला असून त्यात डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा वेगाने वाढणारा कर्करोग) असे निदान आहे. आजार शरीरात कुठवर पोहोचला आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी पेट-सीटी लिहून दिला आहे. माझ्या मामांचे म्हणणे असे की, कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देऊन केलेला मान, छाती आणि पोटाचा सीटी बऱ्याच कमी पैशांत होतो आणि गाठी त्यातही दिसतात, मग जास्तीचा खर्च कशाला करायचा? पुढे केमोचा खर्च उभा असल्यामुळे या तपासणीसाठी आम्ही १२,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. आईला मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिन चालू आहे. परळच्या रुग्णालयात या रकमेत बसणारी पेट-सीटीची तारीख मिळाली आहे, पण ती ९ दिवसांनंतरची आहे. खाजगी केंद्रात परवासुद्धा होईल. दोन तपासण्यांत नेमका फरक काय, आणि थांबावे की थांबू नये, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे.

ठाणेकर काका
सायंताराताई, मला दोन वर्षांपूर्वी हॉजकिन लिम्फोमा झाला होता. मी सर्वांत नव्या यंत्रावर पेट-सीटी केला, २४,००० रुपये मोजले आणि संध्याकाळी अहवाल हातात होता. आज मी रोज सकाळी उपवन तलावाला दोन फेऱ्या मारतो. अशा वेळी पैशाकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परवाची वेळ मिळते आहे तर ती घ्या. मानेची गाठ दुखत असेल तर तोवर डॉक्टरांना सांगून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करून घ्या, सूज लगेच उतरते.

निवृत्त लेखापाल
तुमचे मामा बरोबर सांगत आहेत. मला प्लीहेचा मार्जिनल झोन लिम्फोमा आहे. माझे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी फक्त सीटी केला आणि त्यानंतरही दर वेळी सीटीच होतो. पाच वर्षे मी व्यवस्थित आहे. ज्याला त्याला पेट स्कॅन लिहून देण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मी स्वतः नऊ केंद्रांचे दर विचारून तक्ता केला होता, हवा असल्यास पाठवतो.

रानवारा
ठाणेकर काका, स्टेरॉइडचा सल्ला कृपया मागे घ्या. माझ्या भावाला मानेतील गाठींसाठी एका दवाखान्यात तपासणीच्या आधीच स्टेरॉइड दिले गेले. आठवड्यात गाठी विरघळल्या, घरात आम्ही पेढे वाटले, आणि महिन्याभराने त्या पुन्हा आल्या तेव्हा बायोप्सीत निदान लागेना, कारण औषधाने पेशी अर्धवट मेल्या होत्या. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने खरोखरच मरतात, म्हणून तर ते केमोतही देतात. ताईंच्या आईचे निदान झालेले असले तरी पहिल्या स्कॅनच्या आधी गोळ्या सुरू केल्या तर आजार आहे त्याहून कमी दिसू शकतो. श्वासाला अडथळा येत असेल तर गोष्ट वेगळी, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

क्षकिरण
मी अठरा वर्षे न्यूक्लियर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

साधा सीटी आकार दाखवतो. लसीका ग्रंथी दीड सेंटीमीटरपेक्षा मोठी असली की ती संशयास्पद धरतात. पण एक सेंटीमीटरच्या ग्रंथीत आजार असू शकतो आणि दोन सेंटीमीटरची ग्रंथी जुन्या संसर्गाने नुसती सुजलेली असू शकते. पेटमध्ये आपण किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतो. वेगाने वाढणाऱ्या पेशी ती भराभर ओढून घेतात आणि चित्रात उजळ दिसतात. अस्थिमज्जेत, हाडांत किंवा मोठ्या न झालेल्या प्लीहेत शिरलेला आजार सीटीवर सहज निसटतो, तो यात सापडतो. आजार श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या) एकाच बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, आणि ग्रंथींच्या बाहेर गेला आहे का, यावर टप्पा ठरतो आणि केमोच्या किती फेऱ्या द्यायच्या हेही बरेचसे त्यावरच ठरते.

लेखापाल साहेबांचा अनुभव खरा आहे, पण तो त्यांच्या प्रकाराचा आहे. लिम्फोमाचे टप्पे ठरवण्याच्या २०१४ च्या लुगानो वर्गीकरणात हॉजकिन, डिफ्यूज लार्ज बी-सेल आणि फॉलिक्युलर अशा साखर ओढणाऱ्या लिम्फोमांसाठी पेट-सीटी प्रमाण मानला आहे. मार्जिनल झोन आणि लहान लिम्फोसाइटच्या लिम्फोमात पेशी साखर फारशी ओढत नाहीत, म्हणून तेथे सीटीच वापरतात. आईंच्या प्रकारात डॉक्टरांनी लिहिलेली तपासणी योग्यच आहे.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्या तपासणीच्या वेळी कोणी सांगत नाही. उपचारांच्या मध्यावर आणि शेवटी पुन्हा पेट होईल, तेव्हा प्रत्येक जागेला डोव्हिल पद्धतीने १ ते ५ गुण देतात. छातीच्या मध्यभागातील रक्तापेक्षा आणि यकृतापेक्षा ती जागा किती उजळ आहे ते पाहतात. पहिले चित्रच नसेल तर नंतरचा एखादा ठिपका जुना की नवा, हे ठरवणे अवघड होते. शक्यतो सर्व स्कॅन एकाच यंत्रावर करावेत, कारण यंत्र बदलले की आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

निवृत्त लेखापाल
प्रकारानुसार फरक पडतो हे मला माहीत नव्हते, मान्य. तरीही सीटी स्वस्त पडतो, हे माझे म्हणणे कायम आहे.

परळचा शेजारी
क्षकिरण यांनी लिहिले त्याला दुजोरा. देशातील पहिले पेट यंत्र २००२ मध्ये परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले, हे आमच्या भागातल्या माणसाने सांगायलाच हवे.

मधुमेह आहे म्हणून आमची फसगत सांगतो. माझी पत्नी सकाळी उपाशीपोटी निघाली, पण सवयीप्रमाणे इन्सुलिन टोचून घेतले. आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. इन्सुलिनमुळे सगळी साखर स्नायूंत गेली; पडद्यावर दंड आणि मांड्या लख्ख उजळल्या होत्या आणि जेथे पाहायचे होते तेथे सगळे फिके. दहा दिवसांनी पुन्हा केला आणि पुन्हा पूर्ण पैसे भरले. आईंच्या औषधांची यादी कागदावर लिहून न्या आणि इंजेक्शन देणाऱ्याच्या हातात द्या.

गिरगावची माई
माझ्या यजमानांच्या स्कॅनमध्ये मानेबरोबर छातीतल्या ग्रंथीही उजळल्या आणि टप्पा दुसरा असे सांगितले गेले. आमच्या डॉक्टरांना त्या ग्रंथींची ठेवण पटेना, म्हणून त्यांनी दुर्बिणीतून सुईने नमुना घेतला, तर तो क्षयरोग निघाला. क्षयाच्या गाठीही साखर तेवढ्याच जोराने ओढतात, आणि आपल्या मुंबईत क्षय काही दुर्मीळ नाही. अहवाल वाचून रात्र रडून काढू नका बाई, आधी डॉक्टरांना विचारा. शिवाय स्कॅनच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईंना लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून दूर ठेवा.

ठाणेकर काका
माई, त्या साखरेचा किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, मी त्याच दिवशी नातवाला मांडीवर घेतले होते. सायंताराताई, स्टेरॉइडचे मी मागे घेतो, मला कारण माहीत नव्हते. पण ९ दिवस थांबू नका.

गिरगावची माई
तुम्ही घेतलेत, मी माझ्या गरोदर सुनेला शेजारी पाठवले होते. काही तासांचाच प्रश्न असताना जपायला काय हरकत आहे?

रानवारा
माईंना अनुमोदन. संपूर्ण शरीराचा एमआरआय केला तर? त्यात किरणे नसतात.

क्षकिरण
लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी तो विचार करतात. मेंदूत आजाराची शंका असेल तर एमआरआयच हवा, कारण मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो आणि पेटमध्ये सगळाच उजळतो. आईंना येथे त्याची गरज दिसत नाही.

सायंताराताई, तयारीचे लिहून ठेवा. सहा तास उपवास, साधे पाणी चालते. रक्तातील साखर साधारण २०० च्या खाली हवी. मेटफॉर्मिनने आतडी उजळतात, म्हणून ते ४८ तास आधी थांबवतात, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच. आदल्या दिवशी जिने चढउतार आणि जड कामे नकोत. कॉन्ट्रास्ट देणार असतील तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल मागतील. इंजेक्शननंतर तासभर शांत बसवतात. त्या वेळी आईंशी बोलू नका आणि त्यांनाही बोलू देऊ नका, कारण बोलताना स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात आणि त्यांचा आजार मानेतच आहे. खोलीत थंडी असते, शाल द्या; थंडीने मान आणि खांद्यांतील तपकिरी चरबी उजळते आणि गाठींशी गल्लत होते. आणि वेळेआधी पोहोचा. आमचे औषध, म्हणजे ती किरणोत्सारी साखर, सकाळी येते, ते दुपारपर्यंत टिकत नाही.

परळचा शेजारी
मीही ९ दिवस थांबलो नसतो. ठाण्यालाच एखाद्या खाजगी केंद्रात करून घ्या, प्रवास वाचेल.

सायंतारा
सर्वांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांना भेटून तीन प्रश्न विचारले. त्यांच्या मते आईला धाप नाही, ताप नाही आणि गाठ श्वासनलिकेवर दाबत नाही, त्यामुळे ९ दिवसांनी उपचारांचे नुकसान होणार नाही; लक्षणे बदलली तर त्याच दिवशी फोन करायचा. स्टेरॉइड स्कॅनआधी द्यायचे नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. मधले आणि शेवटचे स्कॅनही परळलाच होणार आहेत, म्हणून पहिलाही त्याच यंत्रावर व्हावा असे मला वाटते. बहुतेकांनी घाई करण्यास सांगितले आहे आणि त्यामागची काळजी मला समजते, तरीही आम्ही परळची तारीख कायम ठेवली आहे. मामांना लुगानोचा फरक समजावून सांगितला. ते आता स्वतः सोबत येणार आहेत.

मेटफॉर्मिन दोन दिवस थांबवायला डॉक्टरांनी होकार दिला आहे. आईने कॅलेंडरवर त्या दोन तारखांना लाल पेनाने फुली मारली आहे आणि गोळ्यांचे पाकीट माझ्या कपाटात ठेवायला दिले आहे. आठची वेळ आहे, म्हणून सहाच्या आत डोंबिवलीहून निघू. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना जाता येते, त्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे जवळ ठेवली आहेत. क्षकिरण दादा, शाल लोकरीची असावी की सुती चालेल, आणि तिला सोन्याच्या बांगड्या काढाव्या लागतील का, एवढे सांगा. त्या तीस वर्षांत उतरलेल्या नाहीत.

क्षकिरण
शाल कोणतीही चालेल, फक्त तिला धातूची कडी किंवा पिन नको. बांगड्या सहज निघत असतील तर काढाव्यात, नाहीतर सुयांच्या खोलीतील सिस्टरना आधी दाखवा. हात डोक्यावर घेतले की त्या मानेच्या चित्रात येऊ शकतात. आदल्या रात्री साबणाचे पाणी लावून पाहा.