सेक्शन एट व्हाउचरवाला भाडेकरू: कायदा आहे म्हणून घ्यायचा, की हिशेब पटतो म्हणून?

रारिटनकाठ (धागाकर्ता)
एडिसन, पर्सिपनी, जर्सी सिटी भागात आपल्यातल्या अनेकांचं एखादं टाउनहाउस भाड्याने दिलेलं असतं. त्यांच्या जाहिरातींत 'नो सेक्शन एट', म्हणजे सरकारी भाडेमदतीचं व्हाउचर असलेला भाडेकरू नको, असं अजूनही दिसतं. या व्हाउचरवर भाड्याचा काही भाग स्थानिक हाउसिंग अथॉरिटी थेट मालकाला देते. न्यू जर्सीत २००२ पासून हे बेकायदा आहे. 'उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं' ही अटसुद्धा भाडेकरूच्या स्वतःच्या वाट्यावरच लावायची, पूर्ण भाड्यावर नाही. पण मला मुळात व्यवहारच चांगला वाटतो, आणि लोक तो समजून न घेता नाकारतात.

उदाहरण घेऊ. दोन बेडरूमसाठी हाउसिंग अथॉरिटीचं पेमेंट स्टँडर्ड (मदत मोजताना धरायची कमाल रक्कम, वीज-गॅससह) २,००० डॉलर. कुटुंबाचं वजावटींनंतरचं मासिक उत्पन्न १,५००. त्याचे ३० टक्के म्हणजे ४५०. तेव्हा अथॉरिटी जास्तीत जास्त १,५५० देणार. तुमचं भाडं १,९०० आणि वीज-गॅससाठी ठरलेली रक्कम १५० धरली तर एकूण २,०५०; स्टँडर्डच्या वरचे ५० भाडेकरूच्या अंगावर, म्हणजे त्याचा वाटा ५००; त्यातले १५० वीज-गॅसला. मालकाच्या हातात अथॉरिटीकडून १,५५० आणि भाडेकरूकडून ३५०. त्याची नोकरी गेली तर त्याने कळवायचं, मग त्याचा वाटा कमी होतो आणि अथॉरिटीचा वाढतो. इतर कुठल्या भाडेकरूच्या बाबतीत ही सोय आहे?

एकच_कॉंडो
बेरीज बरोबर आहे, पण त्यात पहिला महिना कुठे आहे? भाडेकरू ५२५१७ नंबरचा फॉर्म आणतो, मालक भरतो, अथॉरिटी आसपासच्या भाड्यांशी ताडून पाहते, मग इन्स्पेक्टर येतो. १,२५० पर्यंत घरं सांभाळणाऱ्या अथॉरिटीला त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे; मोठ्यांना 'शक्य असेल तर' १५ दिवस. इन्स्पेक्शन पास होण्याआधीच्या दिवसांचा एक डॉलरही मिळत नाही. बँकेचा हप्ता, असोसिएशनची फी आणि प्रॉपर्टी टॅक्स मात्र चालूच. शंभर अपार्टमेंटवाल्या कंपनीला हे सोसतं, एका कॉंडोवाल्याला नाही.

शिवाय अथॉरिटीचा हप्ता थकला तर तो भाडेकरूकडे मागता येत नाही, आणि त्या कारणासाठी त्याला काढताही येत नाही. हप्ता थकणं अशक्य असतं असं समजू नका. २०२१ मध्ये ७०,००० आणीबाणीची व्हाउचर दिली गेली. त्यांना देत असलेला निधी शेवटचा, असं हडने (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने) २०२५ मध्ये कळवलं. तो संपला की त्या घरमालकांनी कोणाकडे पाहायचं?

कागद_आधी
घर रिकामं राहतं ते बऱ्याचदा पहिल्या इन्स्पेक्शनला नापास झाल्यामुळे, आणि कारणं ठरलेली असतात. सिंकजवळच्या प्लगला जीएफसीआय (शॉक टाळणारी सोय) नाही. स्मोक किंवा कार्बन मोनॉक्साइड अलार्म नाही किंवा बंद आहे. जिन्याला कठडा नाही. खिडकी लॉक होत नाही. वॉटर हीटरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप खालपर्यंत आणलेला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिकाम्या घराची वीज-पाणीच बंद, त्यामुळे इन्स्पेक्टरला काही तपासताच येत नाही. जाहिरात टाकण्याआधी हे एका शनिवारी उरकतं. घर १९७८ पूर्वीचं असेल तर शिशाच्या रंगाचा धोका नसल्याचं सर्टिफिकेट राज्याच्या नियमाने बहुतेक भाड्याच्या घरांना लागतंच, व्हाउचर असो वा नसो.

फॉर्मबरोबर डब्ल्यू-नाइन (कर क्रमांक कळवायचा फॉर्म), मालकीचा पुरावा आणि बँकेचे तपशील एकदमच द्या. पास होण्याआधी किल्ली देऊ नका. लीज सुरू झाल्यापासून ६० दिवसांत अथॉरिटीशी करार झाला नाही तर तो रद्द धरला जातो. ठरल्यापेक्षा वरचे पैसे 'हातात' घेणं ही सरळ फसवणूक आहे. त्यात भाडेकरूचं व्हाउचर जाऊ शकतं.

आणि भाडं मागताना कुटुंबाच्या वाट्यावरची, उत्पन्नाच्या ४० टक्क्यांची मर्यादा पाहा. वरच्याच उदाहरणात १,९०० ऐवजी २,१०० मागितले, तर वीज-गॅस धरून कुटुंबाचा वाटा ७०० होतो, उत्पन्नाच्या ४६ टक्क्यांहून जास्त. नवीन लीजला अथॉरिटी ते मंजूर करणार नाही. २,००० पर्यंत जमलं असतं. हे आधी न मोजल्यामुळे दोन-तीन आठवडे फुकट जातात.

डॅलस_फोर्टवर्थ
यात सक्ती कशाला? हा सरकारशी केलेला करार आहे, आणि करार राजीखुशीने व्हावा. टेक्ससमध्ये ऑस्टिन शहराने २०१४ मध्ये सक्ती आणली. राज्याने २०१५ मध्ये शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. मला ते योग्य वाटतं. पैसे वेळेवर आणि बाजारभावाने द्या, मालक आपणहून येतील.

रारिटनकाठ
आपणहून किती येतात हे अर्बन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये फोन करून तपासलं. फोर्ट वर्थमध्ये ७८ टक्के मालकांनी व्हाउचर नाकारलं, कायदा असलेल्या न्यू जर्सीतल्या नुअर्कमध्ये ३१ टक्के. व्हाउचर हातात पडलं की घर शोधायला किमान ६० दिवस मिळतात, मुदतवाढ अथॉरिटीच्या मर्जीवर. दहातले आठ दरवाजे बंद असतील तर वर्षानुवर्षं यादीत थांबून मिळालेलं व्हाउचर परत जातं. राजीखुशीची किंमत ते कुटुंब मोजतं.

डॅलस_फोर्टवर्थ
त्याच पाहणीत राजधानी वॉशिंग्टनचा आकडा १५ टक्के होता. कायदा तिथेही आहे, पण पेमेंट स्टँडर्डही बाजाराजवळ ठेवलेलं आहे. कायदा किती आणि पैसा किती, हे तुम्ही वेगळं करू शकत नाही.

ओव्हरसीज_आजी
थोडं विषयांतर. 'आईबाबांना ग्रीन कार्ड आहे, व्हाउचर घेऊन आमच्याच कॉंडोत राहतील' असा बेत इथे काही जण आखतात. अर्ज करता येतो, कारण ग्रीन कार्ड चालतं (एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसा चालत नाही). पण मालक जर मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा नातवंड असेल तर अथॉरिटी घर मंजूर करत नाही. अपवाद फक्त अपंग व्यक्तीच्या गरजेचा. मुलगा दरमहा पैसे देत असेल तर तेही उत्पन्नात धरतात. उत्पन्न साधारणपणे त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी हवं, आणि नव्या व्हाउचरपैकी ७५ टक्के त्याहूनही गरीब कुटुंबांना राखीव. पात्र कुटुंबांपैकी चारांतल्या एकालाच मदत मिळते. मुलं सांभाळू शकत असताना त्या रांगेत उभं राहणं मला पटत नाही.

कागद_आधी
@ओव्हरसीज_आजी, नियम बरोबर, निष्कर्षाशी असहमत. सुनेच्या घरात एका खोलीत दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्यांना स्वतःचं दार हवं असेल तर अर्ज करणं हा त्यांचा हक्क आहे. मुलाचं उत्पन्न हे त्यांचं उत्पन्न नव्हे.

एकच_कॉंडो
मूळ मुद्द्यावर येतो. कायदा ठेवा, पण भाडेकरू नक्की झाल्यापासून इन्स्पेक्शन पास होईपर्यंतचं भाडं कार्यक्रमातूनच द्या. काही अथॉरिट्या मालकांना अशी रक्कम देतातही. सगळ्यांनी का देऊ नये?

रारिटनकाठ
ह्याला माझा पूर्ण पाठिंबा. केंद्रीय कायद्यातल्या २०१६ च्या सुधारणेने आणखी एक वाट दिली आहे: जिवाला धोका नसलेले दोष निघाले तरी अथॉरिटी भाडेकरूला आत जाऊ देऊ शकते, हप्ता सुरू करू शकते, आणि दुरुस्तीला ३० दिवस देऊ शकते. हे ऐच्छिक आहे, प्रत्येक अथॉरिटीने आपल्या प्लॅनमध्ये स्वीकारावं लागतं. वार्षिक प्लॅनसाठी ४५ दिवस आधी नोटीस देऊन जाहीर सुनावणी होते. घरमालकांनी तिथे जाऊन हे लेखी मागावं.

एकच_कॉंडो
मागतो. पण स्वीकारेपर्यंत रिकाम्या महिन्याचा भार माझ्याकडेच राहणार, आणि तेवढ्यापुरता माझा विरोध कायम आहे.