मदत हवी आहे: ब्लड बँकेच्या नोंदी कॉम्प्युटरवर, एका बॅगेच्या तीन बॅगा होतात तिथे गाडी अडलीय

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. आमच्याकडे अजून सगळं रजिस्टरवर चालतं, डोनरचं वेगळं, टेस्टिंगचं वेगळं, इश्यूचं वेगळं, आणि ई-रक्तकोषवर (सरकारी रक्तपेढी पोर्टल) स्टॉक भरायचा तो परत निराळाच. आता सर म्हणाले तुला कॉम्प्युटर येतो ना, मग तूच बसव (मला एक्सेलमध्ये बेरजा येतात, एवढंच हो).

तर मी एक्सेल केली, एक बॅग एक ओळ. पण ४५० मिलीची ट्रिपल बॅग असली की तिचे पीसीव्ही (लाल पेशी), प्लेटलेट आणि एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) असे तीन कंपोनंट होतात आणि तिघांची एक्सपायरी वेगळी, पीसीव्ही ४२ दिवस, प्लेटलेट ५ दिवस, एफएफपी वर्षभर. मागच्या आठवड्यात मी तारखेचा रकाना खाली ओढला आणि प्लेटलेटलाही ४२ दिवस लागले!! ॲजिटेटरवरची (प्लेटलेट सतत हलत्या ठेवणारं मशीन) बॅग शीटमध्ये मस्त ताजी दिसतेय आणि लेबल म्हणतंय कालच संपली. आम्ही इश्यू करताना लेबल बघतोच म्हणून निभावलं, पण घाम फुटला राव. पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की प्लेटलेटसाठी सिडको, सातपूरकडून रात्री दोनलाही नातेवाईक येऊन उभे असतात, तेव्हा असला घोळ नको.

माझ्या डोक्यात असं आहे की बॅग नंबर एकच ठेवायचा, पुढे कंपोनंटचा कोड लावायचा आणि प्रत्येकाला स्वतंत्र ओळ. पण मग एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) वगैरेचा रिपोर्ट डोनेशनला एकदाच येतो, तो तिन्ही ओळींवर आपोआप कसा जाईल? एक जरी टेस्ट रिॲक्टिव्ह (म्हणजे संसर्गाची शंका) आली तरी तिन्ही बॅगा अडकल्या पाहिजेत, हे हाताने करायची मला भीती वाटते.

दुसरं म्हणजे काउंटर आणि लॅब असे दोन कॉम्प्युटर आहेत, एकाने फाइल उघडली की दुसऱ्याला रीड ओन्ली दाखवतं. ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) करू का सरळ तयार सॉफ्टवेअर घेऊ? बजेट विचारू नका.

रजिस्टर बंद करणार नाहीये, इन्स्पेक्शनला लागतं आणि लाइट गेली की तेच कामाला येतं. कुणी ब्लड बँकेत हे प्रत्यक्ष केलं असेल तर टेबलं कशी पाडली तेवढं सांगा, रिकाम्या शीटचा फोटो टाकलात तरी चालेल, फक्त डोनरची नावं झाका.