बालाघाटावरच्या गावाच्या नावाचा उगम आणि जुना इतिहास: कागद कुठं शोधायचे?

माळरान
आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. ग्रामपंचायत गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढतेय आणि वेशीतल्या नव्या कमानीवर दोन ओळी कोरायच्या आहेत. गावाचं नाव इथं मुद्दाम देत नाही, त्यावरून आधीच दोन तट पडलेत. नावाच्या शेवटी ‘-ूर’ आहे, आणि मैलभरावर त्याच नावाचं ‘खुर्द’ आहे. एक तट म्हणतो नाव ऋषीवरून पडलं, दुसरा म्हणतो निजामाच्या एका अधिकाऱ्यावरून. लातूर आणि धाराशिव दोन्हीकडं चौकशी झाली, पण १९५६ च्या आधीचं काही निघालं नाही. गावात तीन वीरगळ, शेंदराखाली अक्षरं दिसतात असा एक दगड, पडकी गढी आणि पांढर (जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड) आहे. अर्थ कसा ठरवायचा, कागद कुठं मिळतील, दगडाचं काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

दफ्तरबंद
लातूर-धाराशिवला सापडणार नाही, कारण तुमचा तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत बिदरमधून अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तीन तालुके इकडं आले आणि उस्मानाबादला जोडले गेले. लातूर जिल्हा तर १९८२ चा. म्हणून जुन्या कागदाचा अर्ज ‘जिल्हा बिदर’ असंच लिहून करायचा. मराठवाड्यात हे सगळीकडं लक्षात ठेवावं लागतं. किनवट आधी आदिलाबादेत होतं, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत.

दुसरी अडचण तालुक्याच्या नावाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या याद्यांत अहमदपूर नाही, ‘वरवाल राजुरा’ आहे. आणि हैदराबाद संस्थानात दुसराही राजुरा तालुका होता, जो आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे. यादीत नुसतं ‘राजुरा’ दिसलं की आधी जिल्हा बघा, नाहीतर भलत्याच गावाचा इतिहास पुस्तिकेत छापला जाईल.

आता कागद. सुरुवात उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून करा: सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची जुनी नोंद) आणि जुना गावनकाशा मागा. सेतवारात सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि त्या वेळच्या खातेदाराचं नाव असतं. तुमच्या कामाचं मात्र त्याचं मथळ्याचं पान आहे, ‘मौजे अमुक’ कसं लिहिलंय ते. नक्कल घेताना लोक आपल्या सर्व्हे नंबरचंच पान घेतात आणि मथळा राहून जातो. तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि जुनी पाहणी पत्रकं बघा. देवस्थानाची किंवा मशिदीची इनाम जमीन असेल तर मुंतखब (इनाम कायम केल्याचा कागद) मागा. इनाम कोणी, कधी, कशासाठी दिलं याचा उल्लेख त्यात येतो, आणि कधीकधी मूळ सनदेतलं जुनं नावही. गाव जागिरीचं किंवा पायगाहचं (निजामाच्या बड्या सरदार घराण्यांच्या जागिरीचं) असेल तर सरकारी खालसा दफ्तरात १९४९ पर्यंत फारसं काही सापडत नाही, जागिरी विलीन झाल्या त्या वर्षी. अशा वेळी हैदराबादला तारनाक्यातल्या राज्य पुराभिलेखागारात जावं लागतं. मोगलकाळातले फारसी कागदही तिथंच आहेत.

सन बदलण्यात बरेच जण चुकतात. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होतं. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. ऑक्टोबर ते डिसेंबरातल्या तारखेला ५९० मिळवा, जानेवारीपासून ५९१. उत्तर हिंदुस्थानातल्या फसलीचं गणित इथं चालत नाही. पेशवाईतला मोडी कागद असेल तर त्यावर शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, पुढं ६००.

आणि २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात बरेच मोडी-उर्दू कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आलेत. ते जातीच्या नोंदीसाठी चढवलेत, पण प्रत्येक पानावर गावाचं नाव असतं. आधी घरबसल्या तेवढं बघून घ्या.

शब्दमुळे
नावाबद्दल. अर्थ आधी ठरवू नका. आधी एका वहीत नावाची सगळी रूपं सनवार उतरवा: शिलालेख, फारसी-उर्दू कागद, मोडी, जनगणनेची यादी, सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा आणि शेजारच्या गावातली म्हातारी माणसं बोलतात ते रूप. शेजारच्या गावातली अशासाठी की स्वतःच्या गावात शाळेच्या फलकावरचं रूप बोलण्यात आलेलं असतं. तुमचा तालुका बहुतेक ५६ बी नकाशात येतो, पूर्वेकडची काही गावं ५६ एफ मध्ये.

‘-ूर’ दोन वाटांनी येतो. एक संस्कृत ‘पुर’: प्राकृतात दोन स्वरांमधला प झिजतो आणि ‘ऊर’ उरतं. महानुभावांच्या ग्रंथांतलं मातापूर आज माहूर आहे, ते असं. दुसरा कानडी ‘ऊरु’, म्हणजे गाव. लातूर यातलं. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरपरमेश्वर’ म्हणवत, अमोघवर्षाच्या इ.स. ८६६ च्या शिरूर लेखात ते आहे. नवव्या शतकातच ‘लट्टलूर’ला पुढं वेगळा ‘पुर’ लावलाय, म्हणजे ‘ूर’ हा नावाचाच भाग होता. माहूर आणि लातूर आज एकाच यमकात बसतात, मुळं वेगळी. देगलूर आहे म्हणून तुमचंही कानडी, असं म्हणता येणार नाही.

यातून अधिकाऱ्याचा मुद्दा जवळपास निकालात निघतो. प झिजण्याची क्रिया प्राकृत-अपभ्रंश काळातली. निजामाच्या राज्यात माणसाच्या नावावरून वसवलेलं गाव ‘पूर’ किंवा ‘आबाद’च राहतं, ‘ूर’ होत नाही. तुमच्या तालुक्याचंच बघा: अहमदपूर, ‘अहमदूर’ नाही. ऋषीचा मुद्दा असा पुसता येत नाही, पण तो बहुधा उलट दिशेनं आलेला असतो. आधी नाव, मग त्याला जुळणारा ऋषी, मग माहात्म्य. त्याच नावाचा ऋषी वीस कोसांवरच्या दुसऱ्या सारख्या नावाच्या गावातही सापडला तर काय समजायचं ते समजा.

कानडी धरायचं तर ‘ूर’च्या आधीचा भाग कानडीत लागतो का बघा: कल्लु म्हणजे दगड, हळ्ळ म्हणजे ओढा, केरे म्हणजे तळं, होस म्हणजे नवं. एक बारकावा. जुन्या कानडीतला शब्दारंभीचा प पुढं ह झाला, पोसचं होस, पळ्ळीचं हळ्ळी. म्हणून आजचं नाव ‘ह’नं सुरू होत असेल तर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या लेखात ते ‘प’खाली शोधा.

व्यंजन झिजण्याचं आणखी एक ओळखीचं उदाहरण म्हणजे तगर. ग गेला, तयर झालं, मग तेर, जसं नगरचं नेर (संगमनेर, पारनेर). पण तिथं नुसत्या ध्वनींवर कोणी विसंबलं नाही. पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथात तगर पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय, आणि तेरच्या पांढरीतून सातवाहनकाळचं साहित्य निघालंय. ध्वनी, अंतर आणि माती तिन्ही जुळली तेव्हा ते मान्य झालं.

मोडीवाला
वरच्यात भर. वहीत रूपं उतरवताना कोणत्या लिपीतून घेतलं ते शेजारी लिहाच. मोडीत इ-ई आणि उ-ऊ यांत फरक करत नाहीत, त्यामुळं मोडी कागदावरून ‘पुर की पूर’ असला वाद घालण्यात अर्थ नाही. शब्दही तोडलेले नसतात, मागच्या शब्दाचं शेवटचं अक्षर गावाच्या नावाला चिकटून वाचलं जातं.

उर्दू शिकस्त्यात, म्हणजे घाईच्या मोडक्या लिखावटीत, तर जास्त जपायला हवं. ळ आणि ण यांना वेगळी अक्षरं नाहीत, ट-ड वरची खूण लिहिणारा घाईत सोडून देतो, नुक्ते (अक्षरांचे टिंब) गाळतो, ऱ्हस्व स्वर लिहीतच नाही. वावच्या एका अक्षरात व, ओ, ऊ, औ सगळं. ‘वडगाव’ आणि ‘ओदगाव’ कागदावर सारखेच दिसू शकतात. म्हणून उर्दू कागद गावाचं ठिकाण आणि सन ठरवायला वापरा, उच्चार ठरवायला नको. वाचणाऱ्याला आधी गावाचं नाव सांगू नका. सांगितलं की त्याला तेच दिसतं.

काळी_पांढरी
खुर्द-बुद्रुकबद्दल कोणीच बोललं नाही. दोन्ही शब्द फारसी, खुर्द लहान आणि बुजुर्ग मोठा. पण हे मोठेपण नोंद झाली त्या वेळच्या वस्तीचं किंवा वसुलाचं आहे, वयाचं नाही. कित्येक ठिकाणी जुनी पांढर खुर्दच्या शिवारात आहे. पाणी आटलं किंवा पटकी आली की माणसं उठून पलीकडं वसली आणि नवं गाव मोठं झालं. तुमच्या खुर्दची पांढर बघितलीय का? आणि जुन्या यादीत ‘बेचिराग’ गावंही बघा, शिवार आहे पण वस्ती शून्य. बेचिराग म्हणजे दिवा न लागणारं. आपण त्याचं ‘बेचिराख’ केलं आणि लोक समजतात गाव कोणीतरी जाळलं. पुस्तिकेत ‘रझाकारांनी जाळलं’ किंवा ‘मोगलांनी जाळलं’ असं लिहिण्याआधी हे बघाच. यादी त्याच्या आधीची असली तर तो विषयच मिटतो.

शिळाछाप
दगडाबद्दल, क्रमानं सांगतो. शेंदूर खरवडू नका, कॉस्टिक सोडा नको, ब्लोलँप तर अजिबात नको. तापवल्यावर बेसॉल्टचा वरचा पापुद्रा निघतो आणि त्याच्याबरोबर अक्षरं जातात. दगड पूजेत असेल तर आधी गुरव आणि गावकऱ्यांची संमती, मग राज्य पुरातत्त्व संचालनालयाला पत्र. दाट शेंदराचं कवच त्यांच्याच माणसाकडून उतरवा.

तोवर फोटो घ्या. अंधार पडल्यावर मोबाईल तिपाईवर पक्का लावा, टॉर्च दगडाला जवळपास समांतर धरा आणि डावी, उजवी, वर, खाली असे चार बाजूंनी प्रकाश टाकून चार फोटो. शेजारी पट्टी ठेवा. समोरून फ्लॅश मारला की खोलगट अक्षरं सपाट दिसतात, लोकांचे निम्मे फोटो त्यामुळं वाया जातात. अक्षरांत खडू, पीठ, ऑइलपेंट भरू नका. भरणारा आपल्याला वाटतं तेच अक्षर भरतो आणि पुढच्याला तेच खरं वाटतं.

दगड उघडा आणि स्वच्छ असेल तरच ठसा. पाणी आणि मऊ ब्रशनं धुवायचा, तारेचा ब्रश नाही. हातकागद लेखापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठा घ्या, भिजवून लावा, मधून कडेकडं हवा काढत ब्रशनं ठोकत जा म्हणजे कागद अक्षरांत बसतो. अर्धवट सुकला की कापडी बोळ्यानं काजळीची शाई हलक्या हातानं टेपायची. अक्षरं पांढरी, बाकी काळं. कागद फार ओला असताना शाई लावली तर ती अक्षरांत उतरते, पार सुकल्यावर लावली तर कागद सुटून हलतो. वाऱ्यात आणि भर उन्हात हे काम करू नये.

लिपी गोलसर, शिरोरेषा तुटक असेल तर कानडी असण्याची शक्यता मोठी, तुमच्या भागात कानडी लेख पुष्कळ आहेत. संस्कृत किंवा कानडी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा मैसूरला आहे, अरबी-फारसी असेल तर नागपूरला. लेखात आधी शक शोधा, त्यात ७८ मिळवा (पौष ते फाल्गुन असेल तर बहुधा ७९), आणि संवत्सराचं नाव जुळतं का तपासा. अंबाजोगाईचा खोलेश्वराचा शके ११५० चा लेख इ.स. १२२८ चा, ते असं काढतात.

वीरगळांकडून नावाची अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडच्या बहुतेकांवर अक्षरं नसतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा नेताना, वर शिवपूजा. खालच्या पट्टीत गाई असतील तर गोधन राखताना आलेलं मरण, एवढं लिहा. कोणत्या युद्धातला, ते लिहू नका.

पांढर खणू नका, आणि घराच्या मातीच्या छपरावर, धाब्यावर, टाकायला तिची माती नेणं गावसभेत ठरवून थांबवा. गाड्या भरून माती जाते तेव्हा खापरं आणि थरांचा क्रमही जातो. वर पडलेल्या खापराचा जागेवर फोटो घ्या. नाणी निघाली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

माळरान
बिदर डोक्यातच आलं नव्हतं. आणखी एक: काही जणांचं म्हणणं आहे कमानीवर नाव सरळ ‘-पूर’ करून टाकू, ‘मूळ रूप’ म्हणून. चालेल का?

दफ्तरबंद
नको. कमानीवर वेगळं आणि सातबाऱ्यावर वेगळं झालं की पीकविमा, आधार, शाळेचा दाखला सगळीकडं पोरांना प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. अधिकृत बदल हवा तर ग्रामसभेचा ठराव, मग जिल्हाधिकारी, राज्य शासन, आणि १९५३ च्या सूचनांप्रमाणं केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती. ते रेल्वे, टपाल खातं आणि सर्व्हे ऑफ इंडियाचं म्हणणं घेतात. कमानीवर सातबाऱ्यावरचंच नाव घाला, आणि खाली सर्वांत जुन्या कागदातलं रूप, त्याच्या सनासकट. सेतवाराचा मथळा हाती आला की सन इथं टाका, फसलीचं गणित तपासून देतो.