मदत हवी आहे: १८५० च्या दशकातलं पिटमन शॉर्टहँड कुणाला वाचता येतं का?

नमस्कार मंडळी,

मी कोर्टात स्टेनो होते. इंग्रजी शॉर्टहँडची मिनिटाला १२० शब्दांची परीक्षा दिलेली, सगळं पिटमन (आयझॅक पिटमनची उच्चारावर चालणारी लघुलिपी: व्यंजनाला रेघ, स्वराला तिच्याजवळ टिंब किंवा छोटी रेघ). माझा भाचा वॉशिंग्टनजवळ राहतो. त्याने तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हस्तलिखित विभागात बसून माझ्यासाठी मॉन्टगोमेरी मेग्ज यांच्या रोजनिशीच्या काही पानांचे फोटो काढून पाठवले. मेग्ज अमेरिकी सैन्यातले इंजिनिअर अधिकारी. ग्रेट फॉल्सहून पोटोमॅक नदीचं पाणी वॉशिंग्टनला आणणारी जलवाहिनी त्यांनी बांधली (भाच्याच्या नळाला आजही तेच पाणी येतं), कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीच्या, विस्ताराचं काम पाहिलं, आणि १८६१ पासून यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेचे कपडे, तंबू, घोडे, गाड्या हे सगळं क्वार्टरमास्टर जनरल म्हणून सांभाळलं. १८६४ च्या ऑक्टोबरात त्यांचा तरुण मुलगा व्हर्जिनियात मारला गेला. एवढा कामात बुडालेला माणूस रोजनिशी लिहायचा ती पिटमनमध्ये! हे कळल्यापासून मला चैन नाही. १८५३ ते ५९ चा भाग उलगडून छापला गेला आहे, पण मला त्यांची ओळ माझ्या डोळ्यांनी वाचायची आहे.

आधी तर काहीच लागेना. व्यंजनं ओळखीची, शब्द मात्र भलतेच. मग उलगडा झाला: १८५७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या दहाव्या आवृत्तीत पिटमनने टिंबाच्या स्वरांचा क्रम उलटा केला. म्हणजे 'प'च्या रेघेच्या सुरुवातीला जाड टिंब असेल तर आपण 'पा' वाचतो. जुन्या पद्धतीत तेच 'पी'. पिटमनचा भाऊ बेन सिनसिनाटीत जुनाच क्रम शिकवत राहिला, त्यामुळे अमेरिकेत तो पुढेही टिकला. हे कळलं त्या रात्री अख्खं अर्धं पान लागलं.

आता अडलंय ते दोन ठिकाणी.

पहिलं, ग्रामलॉग, म्हणजे नेहमीच्या शब्दांसाठी ठरलेल्या छोट्या खुणा. जुन्या खुणा आपल्याहून वेगळ्या आहेत, आणि एका ओळीत अशा चार-पाच आल्या की वाक्याचा धागाच तुटतो. १८५७ च्या आधीचं किंवा बेन पिटमनचं पुस्तक कुणाच्या घरी, एखाद्या जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या कपाटात आहे का? फक्त ग्रामलॉगच्या तक्त्याचा फोटो मिळाला तरी चालेल.

दुसरं, जाड-बारीक. 'प' आणि 'ब', 'ट' आणि 'ड' यांत फरक फक्त रेघेच्या जाडीचा, आणि फोटोत शाई इतकी फिकी दिसते की सगळंच बारीक वाटतं. भाचा पुन्हा जाणार आहे. त्याने प्रकाश कुठून घ्यावा, कुठली सेटिंग ठेवावी? जुन्या कागदपत्रांचे फोटो काढणाऱ्यांनी कृपया सांगा.

आपले जुने शॉर्टहँडचे सर-मॅडम कुणाच्या संपर्कात असतील तर त्यांना हा धागा नक्की दाखवा. छापील मजकूर हाताशी आहे, त्यामुळे वाचलेलं लगेच ताडून पाहता येईल.