गाडीतला आवाज: काय चिकटवलंत, काय फुकट गेलं?

गेल्या महिन्यात मी माझ्या नऊ वर्षं जुन्या हॅचबॅकची चारही दारं उघडली. रोज उघडतो तशी नाही, आतली पॅडं काढून. ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, शीटं चिकटवली, डिकीचा तळ मढवला, दोन शनिवार-रविवार घालवले, बोटं कापून घेतली. फरक पडला, पण अपेक्षा होती तिथे नाही. दार लावताना पूर्वी पत्र्याचा डबा आपटल्यासारखा ‘ठण्ण’ आवाज यायचा, तो आता ‘धप्प’ येतो. गाणी छान ऐकू येतात. स्पीकर तेच आहेत, फक्त दार त्यांच्याबरोबर गायचं थांबलंय. हायवेला लागून वेग नव्वदला गेला की खालून येणारी घरघर मात्र जवळपास होती तशीच. बायको म्हणाली, “एवढं करून हेच?” ते ऐकू आलं, एवढीच प्रगती.

मग वाचत बसलो आणि चूक कळली. थरथरणारा पत्रा शांत करणं हे एक काम, हवेतून येणारा आवाज अडवणं हे दुसरं आणि आत शिरलेला आवाज जिरवणं हे तिसरं. ब्युटाइल यातलं पहिलं करतं. वरची ॲल्युमिनियमची फॉइल आणि खालचा पत्रा यांच्या कात्रीत तो चिकट थर ओढला जातो आणि थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन संपते. बाकीची दोन कामं मी त्याच्याकडून उगाच मागत होतो.

तेव्हा हा धागा. कुठली गाडी हे सांगितलं नाहीत तरी चालेल, कुठला आवाज होता ते सांगा. फसलेले प्रयोग आधी लिहा. यशस्वी प्रयोग काय, विकणारेही सांगतात.

*

पाना-पक्कड:

दारापासून सुरुवात केलीत ते बरं केलंत, पण दारात नेमकं कुठे चिकटवलंत? स्वतःच्या आणि मित्रांच्या धरून सहा-सात गाड्यांची दारं मी केली आहेत. पहिल्या दोन शिकण्यात गेल्या, मित्र अजून बोलतात.

दारात दोन पत्रे असतात. बाहेरचा रंग लावलेला, आतला भोकं पाडलेला. हात पोचतो म्हणून लोक आतला चकाचक मढवतात. खरा ढोल बाहेरचा. भोकातून हात घालून बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करत जा. कडेला आणि जिथे पत्र्याला वळण दिलंय तिथे आवाज बद्द येतो, कारण तो भाग मुळातच ताठ असतो. मध्ये सपाटीवर आला की आवाज लांबतो. तुकडा तिथे लावायचा, पुन्हा वाजवायचं, बद्द झाला की पुढे सरकायचं. सपाट भागाचा पाव ते तृतीयांश हिस्सा झाकला तरी थरथर बरीचशी मरते. उरलेलं सगळं मढवलं की त्या मानानं फार थोडा फरक पडतो आणि वजन मात्र पुरेपूर वाढतं. दोन मिलिमीटरचं शीट चौरस मीटरला साधारण तीन किलो भरतं. अख्खी गाडी मढवणारे एक माणूस कायमचा बरोबर घेऊन फिरतात.

चिकटवण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा. दाराच्या आत वर्षानुवर्षांची धूळ आणि मेणाचा पातळ थर असतो, हात फिरवला की बोटं काळी होतात. थंडीत हे काम करू नका. करायचंच असेल तर हीट गननं शीट कोमट करा, म्हणजे ते वळणात बसतं. फॉइलवर बारीक उठावाची नक्षी असते ती बघायची. छोटा रोलर दाबून फिरवत राहिलं की ती नक्षी पुसली जाते. पूर्ण सपाट झाली की पकडलं. हातानं थोपटून सोडलेलं शीट सहा महिन्यांत एका कोपऱ्यातून उठतं. आणि हातमोजे घाला, फॉइलची कड ब्लेडसारखी असते. धागाकर्त्यांना आता सांगून उपयोग नाही.

दोन गोष्टी चुकवू नका. दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात ती बुजवायची नाहीत. काचेवरून दारात पाणी उतरतंच, ते तिथून बाहेर पडतं. आणि आतल्या पत्र्यावर जो प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो तो कचरा समजून फेकू नका. मी केलेल्या दुसऱ्या गाडीत मी तो फेकला. पहिल्या पावसात मित्राचा बूट भिजला, आणि त्याला वाटलं एसीचं पाणी गळतंय. महिनाभर तो एसीवाल्याशी भांडत होता.

*

पाचवा गिअर:

मी काहीच चिकटवलं नाही. टायर बदलले.

अगदी तुमच्यासारखीच घरघर होती, ऐंशीच्या पुढे विमानात बसल्यासारखी. शीटं मागवणार होतो. मेकॅनिकनं टायरवरून एकदा पुढे आणि एकदा मागे हात फिरवायला सांगितला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीचे दात. अलाइनमेंट बिघडलेली आणि टायर कधी आलटून-पालटून न लावलेले. नवे टायर घालून निघालो आणि पहिल्या किलोमीटरला रेडिओ कमी करावा लागला.

आणखी एक, वळणावर घरघर वाढत किंवा कमी होत असेल तर ती टायरची नसून बेअरिंगची असण्याची शक्यता जास्त. ते शीटाखाली लपवायची गोष्ट नव्हे.

*

बोनेटखाली:

फसलेला प्रयोग हवाय ना, घ्या. स्वस्तात मिळालं म्हणून छपराच्या फटी बुजवायची टेप आणली. तीही चंदेरी, तीही चिकट. फरक एवढाच की आत ब्युटाइल नव्हतं, डांबर होतं. दुकानदारानं “सेमच आहे” म्हणून सांगितलं आणि मला तेच ऐकायचं होतं.

हिवाळाभर उत्तम. उन्हाळ्यात गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली आणि संध्याकाळी दार उघडलं तर आत नुकताच रस्ता झालेला. वासानं डोकं धरलं. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्ध्यावर अडकली. पॅड काढलं तर टेपचा मोठा तुकडा सुटून काच चढवायच्या यंत्रणेवर बसलेला, मधासारख्या तारा ओढत. काढायला रॉकेल, पट्टी आणि तीन रविवार लागले. अजूनही कडक उन्हात किंचित वास येतो. घरचे म्हणतात भास आहे. नाही.

*

लघुगणक:

धागाकर्त्यांनी तीन कामं वेगळी केली ते बरं झालं. त्यातल्या दुसऱ्याबद्दल, म्हणजे आवाज अडवण्याबद्दल थोडं.

हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, दुसरा शॉर्टकट नाही. अडसराचं वजन दुप्पट केलं की अडवणूक साधारण ६ डेसिबलनं वाढते. म्हणून जड व्हिनाइलचे गालिचे मिळतात, चौरस मीटरला पाचेक किलोचे. ते थेट पत्र्यावर चिकटवायचे नसतात. खाली बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमचा थर हवा, म्हणजे पत्र्याची थरथर व्हिनाइलपर्यंत पोचत नाही. मी सगळी जमीन अशी केली: आधी जागोजाग ब्युटाइल, मग फोम, मग व्हिनाइल, वर मूळ कार्पेट. सीटा काढल्या, कन्सोल काढला. सीटांखाली पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅग यंत्रणेचे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून मगच हात लावा. काही गाड्यांत दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजून धडक ओळखणारा सेन्सर असतो. तिथली भोकं हौसेनं सीलबंद करण्याआधी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा.

आता खरी गंमत. एवढं सगळं झाल्यावर फोनवरच्या मीटरवर, त्याच रस्त्यावर त्याच वेगाला, ७१ चे ६९ झाले. दोनच डेसिबल! चार दिवस मी उदास होतो. मग पुढच्या चाकांजवळ, जिथे वायरी आत येतात, तिथे व्हिनाइलमध्ये राहिलेली हाताएवढी फट सापडली. ती बुजवल्यावर ६७. अडसर म्हणजे बादली, भोक लहान असलं तरी पाणी जातंच. आवाज ‘निम्मा झाला’ असं कानाला वाटायला जवळपास १० डेसिबल उतरावे लागतात, तेव्हा कुणी घरच्या घरी ‘आवाज अर्धा केला’ म्हणालं तर मी मान डोलावतो आणि विषय बदलतो. अर्थात फोनची मीटरं बहुधा कानाच्या पद्धतीनं मोजतात, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमारा कमी धरतात. माझा घुमारा आकड्यापेक्षा जास्त उतरलाय, हे मी शपथेवर सांगू शकतो, सिद्ध करू शकत नाही.

*

टपटप:

मला फक्त पावसाचा आवाज नको होता. टपाचं अस्तर उतरवून मधल्या सपाट भागावर ब्युटाइलचे सहा तुकडे. पूर्वी सरीत फोनवर बोलणं अशक्य होतं, आता मऊ टपटप येते. अस्तर काढताना ते मध्ये दुमडलं की कायमची रेघ पडते, म्हणून दोन माणसं लागतातच. मी एकटा होतो. रेघ आहे.

*

बिनइंजिनाची:

इलेक्ट्रिक घेतली तेव्हा वाटलं, चला, आवाजाचा प्रश्नच मिटला. उलट झालं. इंजिन इतकी वर्षं बाकीचे आवाज झाकत होतं हे तेव्हा कळलं. आता मागच्या चाकाची सळसळ, आरशापाशी वाऱ्याची शीळ, डॅशबोर्डमधली टिकटिक, सगळं वेगवेगळं ऐकू येतं. खडबडीत सिमेंटवर एक पोकळ ‘वों’ येतो, २०० हर्ट्झच्या आसपासचा. तो टायरमध्ये कोंडलेल्या हवेचा. म्हणूनच काही टायर आतून फोमची पट्टी लावलेले येतात.

शीळ मात्र मी बाद केली. दाराच्या रबरी बीडिंगमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. इतर ठिकाणी अडत होती, आरशाखालच्या कोपऱ्यात अलगद सुटून आली. बीडिंग तिथे दबून गेलेलं. नवं लावलं, शीळ गेली. वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्यानं वाढतो, वेग दुप्पट झाला तर १८ डेसिबलपर्यंत, म्हणून गावात हा दोष कळतच नाही.

*

मागच्या सीटवरून:

मी यातलं तांत्रिक काही जाणत नाही, माझ्या भावानं काम केलं. आईला श्रवणयंत्र आहे. गाडी सुरू झाली की ती यंत्र काढून पर्समध्ये टाकायची, कारण त्यात माणसांपेक्षा रस्ताच जास्त ऐकू यायचा. चार तासांच्या प्रवासात ती खिडकीबाहेर बघत बसे आणि आम्ही पुढे बोलत बसू. आम्हाला ते वाईटही वाटेनासं झालं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

भावानं मागच्या चाकांच्या कमानी आतून मढवल्या, डिकीचा तळ केला, आणि बाहेरून चाकावरचं कडक प्लॅस्टिकचं अस्तर काढून नमद्यासारखं जाड, कापडी अस्तर बसवलं. खडी उडून जो ताशा वाजायचा तो थांबला. पुढच्या खेपेला आई मागे बसली होती, यंत्र कानात. तासाभरानं मागून आवाज आला, “अगं, त्या दोघांचं पुढे काय झालं ते नीट सांग, अर्ध्यावर काय सोडतेस?” आम्ही नात्यातल्याच दोघांबद्दल बोलत होतो. आता गाडीत काय बोलायचं याचा विचार करावा लागतो.

*

स्पंज:

कृपा करून कार्पेटखाली गादीचा फोम घालू नका. मी घातला. पहिले चार महिने स्वर्ग. मग एकदा छत्र्यांचं पाणी झिरपलं, फोमनं ते पिऊन ठेवलं आणि सोडलंच नाही. वरून कार्पेट कोरडं, काचांवर रोज सकाळी आतून दव. उचलून पाहिलं तेव्हा पत्र्यावर तांबूस नकाशा उमटला होता. फोम बंद पेशींचाच हवा. तुकडा कापून रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी पिळा. पाणी निघालं तर गाडीत जायचा नाही.

*

धागाकर्ता:

सगळ्यांचं वाचून काल एक काम केलं. मित्राला गाडी चालवायला दिली आणि मी मागे कान लावून बसलो, मग डिकीत आडवा झालो. (मोकळ्या मैदानात, अगदी हळू. हायवेला हे करू नका.) घरघर मागूनच येतेय, उजवीकडून जास्त. उतरून टायरवर हात फिरवला, पुढे आणि मागे. पाचवा गिअर, करवत आहे. डावीकडे नाही.

आणखी एक सापडलं. आठ महिने जी ‘टक्... टक्’ मी डॅशबोर्डची समजून शोधत होतो, ती स्पेअर चाकाच्या खाचेत सुट्या पडलेल्या पान्याची होती. डिकीचा तळ मढवताना तो पाना मीच बाहेर काढला होता, आणि मीच परत तसाच ठेवला होता. आता फडक्यात गुंडाळलाय.