ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल नर्स आणि मिडवाइफ: सोबत काम करताना काय पाहिलंत? अनुभव लिहा

मी सिडनीत सर्जिकल वॉर्डात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. आमच्याकडे शेवटच्या वर्षाची एक ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजातली, विद्यार्थिनी प्लेसमेंटला (रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला) होती. ड्रेसिंगचा ट्रे लावावा तर तिनंच. ऑगस्टमध्ये तिची आजी वारली आणि ती ‘सॉरी बिझनेस’साठी गावी गेली. त्यांच्याकडचा दुखवटा एका दिवसाच्या रजेत उरकत नाही. सगळं गणगोत जमतं, दिवसचे दिवस थांबावं लागतं. इकडे तास बुडाले, ‘पुढच्या तुकडीबरोबर पूर्ण करा’ असं पत्र आलं, आणि आता ती शिक्षणच सोडायचं म्हणतेय. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ती जात नाही. देशाच्या लोकसंख्येत ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक सुमारे ३.८ टक्के आहेत. नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफांमध्ये (बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित सुईणींमध्ये) मात्र दीड टक्क्याच्या आसपास. आपल्यातले कितीतरी जण इथल्या रुग्णालयांत आहेत, काही शिकवतात. तुमच्या शेजारच्या या मुली कशामुळे टिकल्या, कशामुळे गेल्या? स्वतः पाहिलेलं लिहा. नावं नकोत.

पश्चिम न्यू साऊथ वेल्स, मेडिकल वॉर्ड, १४ वर्षं

माझ्या हाताखाली दोन वर्षं एक कॅडेट होती. न्यू साऊथ वेल्सच्या आरोग्य खात्याची ॲबोरिजिनल विद्यार्थ्यांसाठी कॅडेटशिप आहे: शिकत असताना भत्ता मिळतो आणि वर्षातले काही आठवडे रुग्णालयात पगारी काम.

एक प्रसंग सांगते. सत्तरीतले एक ॲबोरिजिनल आजोबा दाखल झाले होते. मी विचारलं, रजिस्ट्रारनं, म्हणजे वॉर्डातल्या डॉक्टरनं, विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून गप्प. ही मुलगी गेली, खुर्ची ओढून बाजूला बसली, समोर नाही, आणि म्हणाली, “अंकल, तुम्ही कुठले? कुणापैकी?” अगदी आपल्याकडे पारावर विचारतात तसं. मग हिचं आजोळ निघालं, त्यांच्या बहिणीचं सासर निघालं. दहा मिनिटांनी त्यांनी सांगितलं की छातीत रात्रीपासून दुखतंय. त्या दिवशी ईसीजी वेळेत निघाला तो तिच्यामुळे.

आता माझी चूक. त्यानंतर कुठल्याही वॉर्डात ॲबोरिजिनल पेशंट गप्प बसला की तिला बोलावणं यायचं, आणि मीही कौतुकानं पाठवायची. तिची औषधांची फेरी राहून जायची आणि मूल्यमापनात ‘वेळेचं नियोजन कमी’ असा शेरा पडायचा. ती तक्रार करणारी नव्हती. एका संध्याकाळी स्टोअररूममध्ये ग्लोव्हजचे खोके मोजता मोजता रडली, तेव्हा मला कळलं. त्यानंतर मी लेखी मागून घेतलं की हे काम तिच्या तासांत धरायचं आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क तिला राहील. ती आता रजिस्टर्ड नर्स आहे.

साऊथ ऑस्ट्रेलिया, एनरोल्ड नर्सिंगच्या (रजिस्टर्ड नर्सच्या खालच्या पायरीच्या) डिप्लोमाला शिकवतो

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी लोइचा ओडोनाहू यांची गोष्ट सांगतो. दोन वर्षांच्या असताना त्यांना आईपासून तोडून मिशनच्या अनाथालयात ठेवलं. नर्सिंगसाठी अर्ज केला तर ॲडलेडच्या रुग्णालयानं ॲबोरिजिनल म्हणून नाकारलं. त्या लढल्या, आणि १९५४ मध्ये रॉयल ॲडलेड हॉस्पिटलमधल्या पहिल्या ॲबोरिजिनल प्रशिक्षणार्थी नर्स झाल्या. पुढे त्या आपल्या आसाममध्येही नर्स म्हणून काम करून आल्या, हे मला इथं येऊन कळलं. २०२४ साली गेल्या. त्यांना ‘नाही’ म्हणणारं टेबल आणि माझं प्रवेशाचं टेबल यांत एकाच माणसाचं आयुष्य आहे. म्हणून कुणी आजीबाई नातीला घेऊन फॉर्म भरायला आल्या आणि दारातच घुटमळल्या, तर मी उठून बाहेर जातो.

ब्रिस्बेन, मिडवाइफ

प्रसूतीची बाजू वेगळीच आहे. इथल्या कित्येक बायकांच्या मनात रुग्णालय म्हणजे बाळ काढून घेणारी जागा. ती भीती मनानं रचलेली नाही, त्यांच्या आयांची बाळं खरोखर नेली गेली. आमच्या शहरात २०१३ पासून ‘बर्थिंग इन अवर कम्युनिटी’ हा कार्यक्रम आहे: दोन ॲबोरिजिनल आरोग्यसंस्था आणि मेटर मदर्स हॉस्पिटल यांनी मिळून चालवलेला. एकाच मिडवाइफची शेवटपर्यंत सोबत, घरी न्यायला-आणायला गाडी, आणि जोडीला समाजातल्याच कार्यकर्त्या. वेळेआधी होणारी बाळंतपणं त्यामुळे कमी झाली, हे अभ्यासांत दिसलंय.

पण मला सांगायचंय ते विद्यार्थिनीबद्दल. मिडवाइफरीच्या मुलींना गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत काही बायकांच्या सोबत राहावंच लागतं. माझ्या विद्यार्थिनीच्या वाट्याला आलेली एक मुलगी तिच्याच समाजातली, एकोणीस वर्षांची. कळा सुरू झाल्यावर त्या मुलीनं हिचं मनगट जे धरलं ते सहा तास सोडलं नाही. बाळ आलं तेव्हा हिच्या मनगटावर चार निळे वळ. दुसऱ्या दिवशी ती मला ते दाखवत होती, एखादीनं नव्या बांगड्या दाखवाव्यात तसे.

डार्विन, नवरा नर्स आहे, मी विद्यापीठाच्या कचेरीत

पैशाच्या ओढाताणीचं कुणीच लिहिलं नाही. रजिस्टर्ड नर्स व्हायला किमान ८०० तास प्लेसमेंट, तीही बिनपगारी. दूरच्या वस्तीतली, दोन मुलांची आई असलेली बाई शहरात येऊन महिनाभर राहणार कुठे आणि पोरं सांभाळणार कोण? १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकार प्लेसमेंटच्या काळात आठवड्याला तीनशेहून थोडे जास्त डॉलर देतं, तेही उत्पन्न आणि गरज बघून. चांगलं आहे. पण माझ्या टेबलासमोर मुली अडतात त्या पेट्रोलवर आणि घराच्या डिपॉझिटवर.

पर्थ, डायलिसिस

मी नंदुरबारची, पावरा आदिवासी. आश्रमशाळेत शिकले. इथल्या ॲबोरिजिनल मुली ‘शेम’ म्हणतात ते मला समजावून घ्यावं लागलं नाही. चारचौघांत नाव घेऊन प्रश्न विचारला की अंग आकसतं, येत असलेलं उत्तर घशात अडतं. फॅसिलिटेटरला, म्हणजे प्लेसमेंटवर शिकवणाऱ्या नर्सला, वाटतं, अभ्यास नाही. मी एवढंच करते: प्रश्न वर्गात विचारत नाही, मशीन लावताना शेजारी उभी राहून विचारते. माझा इतिहास आणि त्यांचा एक नाही, हेही मी स्वतःला बजावत असते.

आणि त्यांना त्यांच्यातल्याच मोठ्या नर्सेसपर्यंत पोचवा. ॲबोरिजिनल नर्स-मिडवाइफांची राष्ट्रीय संघटना ‘कॅट्सिनॅम’ १९९७ मध्ये सॅली गूल्ड यांच्या पुढाकारानं सुरू झाली. माझी एक विद्यार्थिनी या संघटनेच्या परिषदेला जाऊन आली आणि म्हणाली, “सिस्टर, खोलीभर आम्हीच होतो.”

सिडनी, धागा सुरू करणारी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. पर्थच्या ताई, तुमचं जास्त वेळा.

काल तिला फोन केला. आधी तिच्या मावशीनं उचलला आणि मी कोण, कुठली, घरी कोण कोण, सगळं विचारून घेतलं. अर्धा तास गेला. मग ती आली. मी अभ्यासाचा विषय काढला नाही, आजीबद्दल विचारलं. फोन ठेवताना तिनंच विचारलं, लॉकरमध्ये राहिलेला युनिफॉर्म परत करायचा का. राहू दे म्हटलं. विद्यापीठातल्या ॲबोरिजिनल विद्यार्थी केंद्रातल्या बाईंशी सोमवारी बोलणार आहे, बुडालेले तास कुठे भरून काढता येतील त्यासाठी. शुक्रवारी पुन्हा फोन करते. मावशींनी बजावलंय, संध्याकाळी सहानंतर कर.