फेरो बेटांवरील पदभ्रमंती आणि मोटारप्रवास : आठवड्याचा कार्यक्रम कसा आखावा?

दूरवाट यांचा प्रश्न :

जूनच्या उत्तरार्धात आम्ही चौघे फेरो बेटांवर आठवडाभरासाठी जाण्याचे ठरवत आहोत. आमच्यापैकी तिघांना डोंगर चढण्याची सवय आहे. चौथ्या आमच्या मावशी असून त्या साठीच्या आहेत. त्यांना चालायला आवडते, परंतु कड्याच्या काठावरची वाट त्यांना सोसत नाही. कोपनहेगनहून विमानाने वागार बेटावर उतरावे, तिथेच मोटार भाड्याने घ्यावी आणि रोज नव्या गावी मुक्काम करत पुढे सरकावे, असा कच्चा आराखडा केला आहे : वागार, राजधानी टोर्सहाव्न, साक्सुन, ग्योग्व, क्लाक्सविक, काल्सॉय आणि शेवटच्या दिवशी मिकिनेस, कारण तिथे जाणारी बोट विमानतळाजवळच्या सोर्वागुरहून सुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचे विमान आहे. हा क्रम योग्य आहे का, आणि प्रत्येक ठिकाणचे आरक्षण आत्ताच करून ठेवावे का?

कातळकडा यांचे उत्तर :

क्रमाविषयी बोलण्यापूर्वी व्हिसाविषयी लिहितो, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या चर्चेला अर्थ उरत नाही. फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्यात असली तरी स्वायत्त आहेत. ती युरोपीय संघात नाहीत आणि शेंगेन क्षेत्रातही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही, मोडत नाहीत. त्यामुळे भारतीय पारपत्रावर केवळ नेहमीचा शेंगेन व्हिसा असणे पुरेसे नाही. डेन्मार्ककडे अर्ज करतानाच फेरो बेटांवर जाणार असल्याचे स्पष्ट सांगावे लागते आणि व्हिसावर तो या बेटांसाठी वैध असल्याची नोंद असावी लागते. पारपत्र हाती आले की ती नोंद वाचूनच पुढचे पैसे भरावेत.

आता क्रमाविषयी. मिकिनेस शेवटच्या दिवशी ठेवणे हा आपल्या आराखड्यातील सर्वांत मोठा धोका आहे. तिथला धक्का उघड्या समुद्राला सामोरा असल्यामुळे लाटा मोठ्या असल्या की बोट लागत नाही. फेरी रद्द होते, आणि क्वचित बेटावर गेलेल्या लोकांना परतीची बोट मिळत नाही. दुसऱ्या दिवशी विमान असताना असे अडकणे परवडणारे नाही. तेच मिकिनेस पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवले, तर फेरी रद्द झाल्यावरही पुन्हा प्रयत्न करायला दिवस हाताशी राहतात. ही बोट केवळ उन्हाळी महिन्यांत चालते आणि जागा लवकर भरतात, म्हणून तिचे आरक्षण मात्र आधीच करावे. पफिन पाहण्याची इच्छा असेल तर जूनचा उत्तरार्ध उत्तम आहे, कारण ऑगस्टमध्ये ते पक्षी समुद्रावर निघून जातात.

बाकीचे दिवस मात्र तारखांना बांधू नयेत, असे माझे ठाम मत आहे. नकाशावर अठरा बेटे पाहून अंतरांचा धसका बसतो, परंतु टोर्सहाव्नहून क्लाक्सविकला मोटारीने एका तासाच्या आत पोहोचता येते. खरा निर्णय धुके आणि वारा घेतात. एका बेटावर हाताचे अंतर दिसत नसताना शेजारच्या बेटावर स्वच्छ ऊन असू शकते. म्हणून रोज बिऱ्हाड हलवण्याऐवजी दोनच ठिकाणी मुक्काम करावा : आधी वागार, नंतर टोर्सहाव्न किंवा क्लाक्सविक. ‘मंगळवारी ग्योग्व’ असे न लिहिता, ‘आकाश मोकळे असेल तेव्हा’ आणि ‘आकाश उतरले असेल तेव्हा’ अशा दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत ८८० मीटर उंचीचे स्लाट्टाराटिंडुर हे सर्वोच्च शिखर ठेवावे. रस्ता ज्या खिंडीतून जातो तिथूनच चढाई सुरू होते. चढ उभा असला तरी लांब नाही, पण ढगात ते चढण्यात काहीच हशील नाही. दुसऱ्या यादीत साक्सुन बसते. तिथल्या खाजणातून समुद्राकडे चालत जायचे तर ऊन असण्यापेक्षा ओहोटी असणे महत्त्वाचे, म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून निघावे.

वळणवाट यांचे उत्तर :

वाहन चालवण्यापुरती भर घालते. रस्ते उत्तम आहेत, वाहने उजव्या बाजूने चालतात, वस्तीबाहेर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि मेंढ्या रस्त्यावर केव्हाही उतरतात. सवय करून घ्यावी लागते ती बोगद्यांची. समुद्राखालचे मोठे बोगदे दुपदरी आणि प्रशस्त आहेत. २०२० साली खुला झालेला एस्टुरॉयचा बोगदा ११ किलोमीटरहून थोडा लांब असून त्याच्या पोटात, समुद्रतळाखाली, चक्क रस्ते जिथे मिळतात तो वर्तुळाकार चौक आहे. टोलनाका कुठेही नाही; वाहनक्रमांक टिपला जातो आणि रक्कम मोटार देणाऱ्या कंपनीकडून वसूल होते, म्हणून भाडेकरार करतानाच दर विचारावेत. घाई नसेल तर स्ट्रेमॉय आणि एस्टुरॉय या बेटांना जोडणाऱ्या जुन्या पुलावरून जावे; त्याला टोल नाही आणि वाटेतला देखावा बोगद्यात कुठून मिळणार?

वागारवरील गासादालुर गावाचा बोगदा आणि काल्सॉयवरचे बोगदे मात्र एकपदरी आणि अंधारे आहेत. त्यांत ठरावीक अंतरावर बाजूला होण्याच्या जागा असतात. ती जागा ज्याच्या उजव्या हाताला असेल त्याने थांबून समोरच्याला वाट द्यायची, हा नियम आहे. काल्सॉयला जाणारी बोट लहान असून तिच्यावर मोटारीची जागा आगाऊ राखता येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात रांग लागते. मोटार क्लाक्सविकलाच ठेवून पायी बोटीत चढावे आणि पलीकडे बस घ्यावी, हे मला अधिक सोयीचे वाटते. बसचे आणि बोटीचे वेळापत्रक एकत्र पाहिले म्हणजे काल्लुरच्या दीपगृहापर्यंत जाऊन परतायला किती वेळ मिळतो, हे कळते.

पायवाट यांचे उत्तर :

कातळकडा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, मात्र मिकिनेस मी यादीतूनच काढले असते. एका आठवड्याच्या प्रवासात जे बेट दोन दिवस अडवून ठेवू शकते, त्याऐवजी सॅन्डॉय घ्यावे. २०२३ च्या अखेरीस बोगदा सुरू झाल्यापासून तिथे मोटारीने थेट जाता येते आणि पर्यटकांची गर्दीही कमी असते.

वाटांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गावाबाहेरची जवळजवळ सगळी जमीन शेतकऱ्यांच्या ताब्यातील, मेंढ्यांच्या चराईची आहे. म्हणून काल्लुर, ट्रेलानिपा अशा लोकप्रिय वाटांवर जमीनमालक शुल्क घेतात. काही प्रवासी त्यावर नाराज असतात, परंतु पावलांनी तुडवल्या जाणाऱ्या त्या कुरणांवर कोणाचा तरी चरितार्थ चालतो, हे पाहता मला ते गैर वाटत नाही. तंबू केवळ नेमलेल्या जागीच लावता येतो, आणि रस्त्याकडेला मोटारीत रात्र काढण्यासही मनाई आहे.

आपल्या मावशींसाठी टोर्सहाव्न ते किर्क्युबोर ही साधारण सात किलोमीटरची जुनी वाट सुचवतो. ती कड्याच्या काठाने जात नाही, आणि शेवटी मध्ययुगीन कॅथीड्रलचे छप्पर नसलेले अवशेष पाहायला मिळतात. काल्लुरला मात्र त्यांना नेऊ नये. तिथले गवताळ उतार ओले असताना फार निसरडे होतात आणि खाली थेट समुद्र आहे. चढण्याचा सराव असलेल्यांनीही वाऱ्याचा जोर पाहूनच दीपगृहापलीकडच्या अरुंद धारेवर जावे. जुन्या वाटांवर खुणेसाठी दगडांच्या राशी रचलेल्या असतात. धुक्यात पुढची रास दिसेनाशी झाली, तर मागची दिसत असतानाच परत फिरावे.

दूरवाट :

सर्वांचे आभार. व्हिसावरील त्या नोंदीची आम्हांला कल्पनाच नव्हती. अर्ज अजून भरलेला नाही, हे बरे झाले. आता पहिल्या तीन रात्री वागारला आणि उरलेल्या टोर्सहाव्नला, असे ठरवतो. मिकिनेस दुसऱ्या दिवशी ठेवतो. फेरी रद्द झाली तर पुन्हा प्रयत्न न करता सॅन्डॉयला जाऊ. एक शंका उरते : वाऱ्याचा अंदाज त्या-त्या खिंडीपुरता कुठे पाहता येतो?

वळणवाट :

तिथल्या रस्ते विभागाच्या, म्हणजे लान्सवेर्कच्या, संकेतस्थळावर ठिकठिकाणचे कॅमेरे आणि रस्त्यांवरील वाऱ्याच्या नोंदी दिसतात. सकाळी निघण्यापूर्वी ज्या खिंडीतून जायचे तिथला कॅमेरा पाहावा. आणि मोटारीचे दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे. वाऱ्याने दार उलटे वळून झालेले नुकसान अनेक विमायोजनांत धरलेले नसते.